विश्लेषण : जुना डीएसएलआर विकून मिररलेस कॅमेरा घ्यावा का?

तुळशीची लग्ने लागली की लग्नसराईची कामे सुरू होतात. त्याआधीच्या महिना-दोन महिन्यांत, छायाचित्रणावर पोट असलेल्या अनेकांना हल्ली एक हिशेब मांडावा लागतो. हातातला डीएसएलआर व्यवस्थित चालतो आहे, पण बाजारात नवे जे काही येते ते मिररलेस. काही ग्राहक दर विचारतानाच कॅमेरा कोणता आहे तेही विचारून घेतात. चांगल्या मिररलेस कॅमेऱ्याची नुसती बॉडी दीड-दोन लाखांच्या घरात आणि लेन्सचा खर्च वेगळा. कर्ज काढून बदल करावा, की आहे त्या कॅमेऱ्यावर आणखी दोन-तीन हंगाम काढावेत? व्यावसायिकांना पडणारा हा प्रश्न थोड्या वेगळ्या रूपात हौशी मंडळींनाही पडतो. त्याचे उत्तर कॅमेऱ्यांच्या तुलनात्मक तक्त्यांत शोधले जाते आणि तिथेच गल्लत होते.

डीएसएलआर खरेच बंद पडले का?

दुकानात ते अजून मिळतात, कंपन्या ते विकतातही. पण कॅनन आणि निकॉन या दोन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२० नंतर एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही. निकॉनचे डी ७८० आणि डी ६, कॅननचे वन डीएक्स मार्क ३ आणि ८५० डी ही सारी मॉडेल्स त्याच वर्षातली. सोनीने आपली आरशावर आधारलेली जुनी मालिका २०२१ मध्ये गुंडाळली. पेंटॅक्स ही छोटी कंपनी मात्र अजूनही डीएसएलआरलाच धरून आहे.

आकडेही हेच सांगतात. ‘सिपा’ ही जपानी कॅमेरा उत्पादकांची संघटना दरवर्षी कारखान्यांतून बाहेर पडलेल्या कॅमेऱ्यांची संख्या जाहीर करते. २०१० मध्ये सर्व प्रकारचे मिळून १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाहेर पडले होते. २०२४ मध्ये ही संख्या सुमारे ८५ लाख होती. मधल्या काळात मोबाइलने खिशातले छोटे कॅमेरे जवळपास गिळून टाकले. डीएसएलआरने २०१२ मध्ये १ कोटी ६० लाखांचा टप्पा गाठला होता, २०२४ मध्ये ते १० लाखांच्या आसपास उरले. त्याच वर्षी मिररलेस होते सुमारे ५६ लाख. मिररलेसने डीएसएलआरला मागे टाकले ते २०२० मध्ये.

ग्राहक कमी झाले की कंपन्या प्रत्येक ग्राहकाकडून जास्त मिळवण्याचा प्रयत्न करतात. म्हणूनच स्वस्त मॉडेल्स आटत गेली आणि महागड्या मॉडेल्सची गर्दी झाली. ‘आता बदला’ हा जो दबाव जाणवतो, त्यातला काही भाग तंत्रज्ञानाचा आहे आणि काही भाग या आटलेल्या बाजाराचा. निर्णय घेताना दोन्ही वेगळे काढता आले पाहिजेत.

आरसा गेल्याने नेमके काय बदलले?

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आधी एका आरशावर पडतो, तिथून वर वळून प्रिझममार्गे डोळ्यापर्यंत जातो. बटण दाबले की आरसा उचलला जातो आणि प्रकाश सेन्सरवर पोहोचतो. ‘खटॅक’ असा जो आवाज येतो त्यात या आरशाचा मोठा वाटा असतो. मिररलेसमध्ये प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि सेन्सर जे पाहतो तेच छोट्या पडद्यावर दिसते. फोटो उजळ येणार की काळवंडणार, हे बटण दाबण्याआधीच कळते.

आरसा नसल्याने लेन्स सेन्सरच्या जवळ आणता आली. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये लेन्सचे बूड आणि सेन्सर यांत ४६.५ मिलिमीटर अंतर होते, नव्या झेड माउंटमध्ये ते १६ मिलिमीटर आहे. कॅननमध्ये ४४ वरून २० वर आले. पण या बदलाची किंमत अशी की माउंटच बदलला. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा, कॅननचा ईएफ १९८७ पासूनचा. दोन्ही कंपन्यांनी २०१८ मध्ये नवे माउंट आणले आणि लोकांच्या कपाटातल्या लेन्स एका फटक्यात ‘जुन्या’ झाल्या. बॉडी बदलणे ही एक खरेदी असते, माउंट बदलणे म्हणजे पुढच्या अनेक खरेद्यांची सुरुवात.

फोटोचा दर्जा किती सुधारला?

जाहिरातींवरून वाटते त्यापेक्षा बराच कमी. २०१४ साली आलेला निकॉनचा डी ७५० हा २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम डीएसएलआर आजच्या त्याच आकाराच्या सेन्सरशी कमी उजेडात ताडून पाहिला, तर फरक दिसतो. पण तो सहसा एका स्टॉपच्याही आत असतो. याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. सेन्सरवर प्रकाशाचे जेवढे कण पडतात त्यांतल्या निम्म्याहून अधिक कणांची नोंद चांगले सेन्सर आताच करतात. सगळेच्या सगळे कण नोंदवणारा आदर्श सेन्सर उद्या बनला, तरी दुपटीहून जास्त मिळण्यासारखे काही उरलेले नाही. कमी उजेडातले दाणे मुख्यतः प्रकाशच कमी असल्यामुळे येतात, सेन्सर जुना असल्यामुळे नव्हे.

उलट काही नवे सेन्सर एका बाबतीत मागे गेले आहेत. निकॉनच्या २०२४ मधील झेड ६ मार्क ३ चा सेन्सर आधीच्या मार्क २ पेक्षा कितीतरी वेगाने वाचला जातो. पण कमी आयएसओवर सावल्या उजळायला गेल्यास त्यात मार्क २ पेक्षा जास्त दाणे दिसतात. वेग हवा म्हणून कंपनीने केलेली ही तडजोड आहे. चित्रीकरण आणि धावपळीचे विषय टिपणाऱ्याला ती फायद्याची, पहाटेच्या सह्याद्रीचे फोटो काढणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

खरी उडी मिळते ती सेन्सरचा आकार बदलला तर. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. एपीएस-सी सेन्सर सुमारे ३६७ चौरस मिलिमीटरचा. तेवढ्याच एफ आकड्यावर मोठ्या सेन्सरला एकूण सव्वादोन पटींहून जास्त प्रकाश मिळतो. त्यामुळे सुरुवातीचा एपीएस-सी डीएसएलआर वापरणाऱ्याने फुल फ्रेमवर येणे आणि फुल फ्रेम डीएसएलआरवाल्याने फुल फ्रेम मिररलेसवर येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात फोटोचा दर्जा बदलतो. दुसऱ्यात बहुतेक वेळा काम करण्याची सोय बदलते.

आणि सर्वांत स्वस्त उडी लेन्सची. डीएसएलआरसोबत येणारी १८-५५ लेन्स पूर्ण झूम केली की एफ ५.६ वर येते. तिच्याऐवजी ५० मिलिमीटर एफ १.८ लावली, तर सेन्सरवर सुमारे साडेनऊ पट प्रकाश पडतो. ही लेन्स साधारण दहा-पंधरा हजारांत मिळते. बॉडीची कोणतीही नवी पिढी एवढा फरक देत नाही, दोन पिढ्या ओलांडल्या तरी नाही. तरीही बदल करायचा ठरला की आधी बॉडीचाच विचार होतो. कदाचित लेन्सवर ‘मार्क ४’ असे काही ठळक लिहिलेले नसते म्हणून असेल.

मेगापिक्सेल वाढले की तपशील वाढतो ना?

वाढतो, पण आकड्याच्या प्रमाणात नाही. मेगापिक्सेल हे क्षेत्रफळ आहे आणि डोळ्याला जाणवतो तो तपशील लांबी-रुंदीत. २४ चे ४८ मेगापिक्सेल केले, तर प्रत्येक बाजूला वाढ मिळते ती ४१ टक्क्यांची. सोनीच्या ए ७ मालिकेचे उदाहरण बोलके आहे. २०१८ च्या मार्क ३ मध्ये २४ मेगापिक्सेल होते, २०२१ च्या मार्क ४ मध्ये ३३. कागदावर झेप मोठी दिसते. प्रत्यक्षात फोटोची रुंदी ६,००० पिक्सेलवरून ७,००८ वर गेली, म्हणजे सुमारे १७ टक्के.

हा तपशील शेवटी जातो कुठे, तेही पाहायला हवे. लग्नाच्या अल्बमचे पान बहुधा १२ बाय १८ इंचांचे असते. एका इंचाला ३०० ठिपके या छपाईच्या मानकाने त्याला ५,४०० बाय ३,६०० पिक्सेल लागतात, म्हणजे दोन कोटींपेक्षा थोडे कमी. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा पूर्ण पान भरून वर थोडी कातरायला जागाही देतो. फोर-के टीव्हीवर एका वेळी ८३ लाख पिक्सेलच दिसतात आणि व्हॉट्सअॅपवर तर फोटो दाबून त्याहून लहान केला जातो. ४५ मेगापिक्सेलची गरज असते ती पक्षी दूर बसलेला असताना फोटो कातरून मोठा करणाऱ्याला, साड्या-दागिन्यांच्या जाहिराती टिपणाऱ्याला किंवा फलक छापणाऱ्याला. आणि फलकही लांबूनच पाहिले जातात.

मग मिररलेसचा खरा फायदा कोणता?

ऑटोफोकस. इथे मात्र दहा वर्षांत जमीन-अस्मानाचा फरक पडला आहे. डीएसएलआरमध्ये फोकससाठी वेगळा सेन्सर असतो आणि फुल फ्रेम मॉडेल्समध्ये त्याचे बिंदू चौकटीच्या मधल्या भागात दाटीने असतात. माणूस कडेला असेल तर आधी मध्ये फोकस घ्यायचा आणि मग चौकट सरकवायची, ही कसरत जुन्या छायाचित्रकारांच्या हातात मुरलेली आहे. शिवाय फोकसचा सेन्सर आणि फोटोचा सेन्सर वेगळे असल्याने दोघांत किंचित तफावत राहिली, की नाकाऐवजी कान स्पष्ट येतो. मिररलेसमध्ये फोटोचा सेन्सरच फोकस ठरवतो, जवळजवळ पूर्ण चौकटीत ठरवतो आणि माणसाचा डोळा ओळखून त्याला चिकटून राहतो.

याचे महत्त्व मांडवात कळते. ८५ मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर लावून दोन मीटरवरून फोटो काढला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटरचा असतो. अंतरपाट दूर होतो, अक्षता उडत असतात, दोघे एकमेकांकडे पाहतात. हा क्षण पुन्हा मिळत नाही. समोरून उडणाऱ्या तांदळावर फोकस गेला तर ग्राहकाला सांगायला काही उरत नाही. ताडोबात पहाटे झुडपाआडून येणारा वाघ किंवा उडता धनेश टिपणाऱ्यांचा अनुभवही हाच. नवे कॅमेरे प्राणी-पक्ष्यांचे डोळेही ओळखतात.

दुसरा फायदा निःशब्द शटरचा. नाट्यप्रयोगात किंवा शास्त्रीय गाण्याच्या मैफलीत आलापीच्या मध्ये ‘खटॅक’ झाले, की आजूबाजूच्या माना वळतात. इलेक्ट्रॉनिक शटरने हा प्रश्न सुटतो, मात्र त्यात एक खाच आहे. बहुतेक सेन्सर एकदम वाचले जात नाहीत, ओळीओळीने वाचले जातात. सोनीच्या ए ७ मार्क ३ आणि मार्क ४ सारख्या लोकप्रिय मॉडेल्सना पूर्ण सेन्सर वाचायला साधारण सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. तेवढ्यात बॅट वाकडी दिसू शकते आणि एलईडी दिव्यांखाली फोटोवर काळपट पट्टे येऊ शकतात. आता मांडव आणि रंगमंच दोन्हीकडे एलईडीच असतात. म्हणजे ज्या सोयीसाठी कॅमेरा घेतला ती नेमकी तिथेच बंद ठेवावी लागते. निकॉन झेड ९ आणि झेड ८ यांसारख्या वेगवान सेन्सरच्या कॅमेऱ्यांत हा त्रास बराच कमी असतो. २०२३ च्या अखेरीस जाहीर झालेल्या सोनीच्या ए ९ मार्क ३ मध्ये सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो. पण त्यांच्या किमती वेगळ्या वर्गातल्या आहेत.

तिसरा फायदा चित्रीकरणाचा. नव्या कॅमेऱ्यांतील १० बिट चित्रीकरणात प्रत्येक रंगाच्या १,०२४ छटा नोंदवल्या जातात, जुन्या ८ बिटमध्ये २५६. संकलनात रंग बदलताना आकाशात किंवा भिंतीवर पट्टे पडू नयेत, यासाठी हा फरक मोलाचा. ज्याच्या उत्पन्नात लग्नाच्या ‘सिनेमॅटिक’ फिल्मचा वाटा मोठा आहे, त्याने फोटोच्या दर्जाची चर्चा बाजूला ठेवून याच मुद्द्यावर निर्णय घेतला तरी चालेल.

किमतीच्या चिठ्ठीवर काय दिसत नाही?

बॅटरी, कार्ड, साठवण आणि संगणक. निकॉनचा डी ८५० एका चार्जिंगमध्ये सिपाच्या चाचणीनुसार १,८४० फोटो काढतो. त्याचाच मिररलेस भाऊ म्हणता येईल अशा पहिल्या झेड ७ चा आकडा होता ३३०. प्रत्यक्षात दोन्ही याहून जास्त चालतात, पण हळदीपासून पाठवणीपर्यंतच्या दिवसाला दोन-तीन जादा बॅटऱ्या धराव्याच लागतात. ४५ मेगापिक्सेलच्या रॉ फाइलला ५० एमबी धरले, तर तीन हजार फोटोंचे १५० जीबी झाले, तेही एकाच लग्नाचे. त्यात १० बिट फोर-के चित्रीकरण आले की जुना संगणक मान टाकतो.

जुन्या लेन्स अॅडॉप्टरवर चालतात, हे खरे. कॅननच्या ईएफ लेन्स आर मालिकेच्या कॅमेऱ्यांवर उत्तम चालतात, काही वेळा डीएसएलआरपेक्षाही अचूक फोकस घेतात. निकॉनच्या बाबतीत जपून राहावे लागते. ज्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, अशा जुन्या एएफ-डी लेन्स कंपनीच्या एफटीझेड अॅडॉप्टरवर ऑटोफोकस करत नाहीत. कपाटात अशा तीन-चार लेन्स असतील तर बदलाचे गणितच बदलते, कारण ७०-२०० एफ २.८ सारखी एक नवी लेन्स दोन लाखांच्या पुढे जाते.

कराचाही विचार हवा. डिजिटल कॅमेऱ्यांवरील जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करासह दोन लाखांच्या कॅमेऱ्यात सुमारे साडेतीस हजार रुपये कर असतो. नोंदणीकृत व्यावसायिकाला तो आपल्या सेवेवरील करातून वजा करून मिळतो, नोंदणी नसलेल्याला पूर्ण सोसावा लागतो. बिलाशिवाय मिळणारा स्वस्त ‘ग्रे’ माल घेतला तर ही वजावट जाते आणि भारतातली वॉरंटीही मिळत नाही.

निर्णय नेमका कशावरून घ्यावा?

स्वतःच्याच फोटोंवरून. गेल्या हंगामातले दोन-तीन हजार फोटो उघडून, त्यांतले जे टाकून द्यावे लागले तेवढेच पाहावेत आणि का टाकले ते लिहावे. फोकस चुकला म्हणून? हात हलला म्हणून? दाणे फार आले म्हणून? की क्षणच निसटला, उजेड वाईट होता, माणूस चुकीच्या जागी उभा होता? प्रत्येक फाइलमध्ये आयएसओ, शटर आणि लेन्सची नोंद असतेच. टाकलेल्या फोटोंत फोकस चुकलेले जास्त निघाले, तर मिररलेस त्यावरचे औषध आहे. दाणे जास्त आणि एफ आकडा सतत ५.६ दिसत असेल, तर लेन्स बदलावी. हात हललेले फोटो फार असतील, तर सेन्सर स्थिर ठेवणारी यंत्रणा मदत करते, पण ती फक्त फोटो काढणाऱ्याचा कंप झाकते. नाचणारी वरात तिने स्थिर होत नाही. उजेड आणि जागा चुकलेली निघाली, तर फ्लॅश आणि त्याचा सराव हाच उपाय, कोणताही कॅमेरा नव्हे. या तपासणीला एक संध्याकाळ लागते आणि ती चाचणी संकेतस्थळांवरच्या गुणांपेक्षा जास्त सांगते.

त्यानंतर पैशाचा हिशेब. समजा, बॉडी आणि एक लेन्स मिळून तीन लाख लागले, तीन वर्षे वापरून हे सामान सव्वा लाखाला विकले आणि वर्षाला ३० लग्ने धरली. पावणेदोन लाखांचा खर्च ९० लग्नांत वाटला, तर प्रत्येक लग्नामागे १,९५० रुपयांच्या आसपास पडतात, कर्जाचे व्याज वेगळे. वर्षाला दहाच लग्ने असतील, तर हाच आकडा ५,८०० च्या पुढे जातो. मग महत्त्वाच्या दोन-चार कामांना कॅमेरा भाड्याने आणणे स्वस्त पडते. भाड्याने आणल्याने आपल्या हाताला तो रुचतो का, हेही कळते.

जुन्या कॅमेऱ्याचे आयुष्य किती उरले, तेही मोजता येते. डीएसएलआरचे शटर साधारण एक ते दोन लाख उघडझापांसाठी तपासलेले असते. कॅनन ५ डी मार्क ४ साठी हा आकडा दीड लाख, डी ८५० साठी दोन लाख. एका लग्नात तीन हजार फोटो आणि वर्षाला ३० लग्ने धरली तर वर्षाला ९० हजार. म्हणजे भरपूर कामे असलेल्याचा कॅमेरा दोन वर्षांतच ही सीमा गाठतो. सीमा ओलांडली की शटर लगेच तुटतेच असे नाही, पण ऐन मुहूर्तावर तुटू शकते. अशा व्यावसायिकासाठी ‘बदलावा का’ हा प्रश्न मुळात निकाली निघालेला असतो. शटर दुरुस्त करायचे की त्या पैशांत भर घालून पुढे जायचे, एवढेच उरते. आणि नवा डीएसएलआर घेण्यात आता अर्थ नाही, कारण त्यासाठी नव्या लेन्सही येत नाहीत.

हौशी मंडळींनी काय करावे?

त्यांच्यासाठी चित्र नेमके उलटे आहे. व्यावसायिक मिररलेसकडे जात असल्याने डी ७५० किंवा ५ डी मार्क ४ सारखे एके काळचे दिमाखदार कॅमेरे आणि त्यांच्या लेन्स जुन्या बाजारात उतरल्या भावाने मिळतात. मुंबईतल्या फोर्टमधील बोरा बाजारासारख्या ठिकाणी ते हाताळून पाहता येतात. घेताना शटर किती वेळा उघडले गेले तो आकडा मागावा आणि लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून पाहावा. कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षे बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सच्या काचांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. ती दिसली तर कितीही स्वस्त असली तरी ती लेन्स परत ठेवावी. मुलांचे वाढदिवस, गडांची भटकंती आणि गणपतीची आरास टिपणाऱ्याला या जुन्या कॅमेऱ्यांत काही कमी पडण्याचा संभव फार थोडा.

व्यावसायिकांपैकी ज्यांनी बदल करायचे ठरवले आहे, त्यांच्यात सध्या एक मधला मार्ग रूढ होताना दिसतो. एक मिररलेस बॉडी आणि अॅडॉप्टर घ्यायचा, लेन्स जुन्याच वापरायच्या आणि डीएसएलआर दुसरा कॅमेरा म्हणून गळ्यात ठेवायचा. निकॉनची ईएन-ईएल १५ किंवा कॅननची एलपी-ई ६ या घराण्यातली बॅटरी दोन्ही पिढ्यांच्या अनेक मॉडेल्समध्ये बसते, त्यामुळे चार्जरही एकच पुरतो. मात्र बटणांच्या जागा आणि मेन्यू बदललेले असतात. म्हणून हा बदल पावसाळ्यात, कामे थंडावलेली असताना केलेला बरा. कार्तिकात खोके उघडून पहिल्याच मुहूर्ताला नवा कॅमेरा घेऊन उभे राहण्यात फार मोठी जोखीम आहे.